नवा शर्ट जुना करणारं गाव

"रंग पक्का आहे ना हो?"

आमच्या सोलापुरात चादर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो हाच. मग दुकानदार हसतो, चादरीचं टोक पाण्यात बुडवतो, पांढऱ्या रुमालावर खसाखसा घासतो आणि रुमाल डोळ्यांसमोर धरतो. रुमाल पांढराच! मग पुढची बोलणी. रंग न जाणं ही आमच्याकडे कारागिराच्या इभ्रतीची गोष्ट असते, बरं का.

मुलांनो, आज मी तुम्हाला ज्या गावी नेणार आहे, तिथे मात्र सगळा उलटा कारभार. तिथे गिऱ्हाईक सात समुद्रांपलीकडून कळवतं, "रंग थोडा उडालेला हवा. छातीवरचं चित्र तडकलेलं हवं. शर्ट दहा वर्षं वापरल्यासारखा दिसला पाहिजे. आणि हो, शर्ट अगदी कोरा करकरीत पाहिजे!" आता बोला!

या गावाचं नाव तिरुप्पूर. तमिळनाडूत कोइम्बतूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. मुंबईहून कोइम्बतूरला जाणारी गाडी पुणे, सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल, बंगळूर, सेलम, इरोड अशी मजल दरमजल करत तिथे पोहोचते. सोलापुरात बसायचं, एक दिवस आणि एक रात्र गाडीत काढायची, की आलं तिरुप्पूर. माझा मावसभाऊ तिथे कपड्यांच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत त्याच्याकडे आठवडाभर राहायला गेले होते. "ताई, देवळं बघायची की कारखाने?" असं त्याने विचारल्यावर मी कारखाने म्हटलं, तेव्हा वहिनीने कपाळाला हात लावला!

स्टेशनाबाहेर पडल्या पडल्या कळतं, की या गावाचं पोट कापसावर भरतं. सायकलवर कापडाचे गठ्ठे, स्कूटरवर गठ्ठे, टेंपोवर तर गठ्ठ्यांचा डोंगर आणि त्यावर बसलेला एक मुलगा. गटाराच्या कडेला रंगीत चिंध्या. गल्लीगल्लीतून शिवणयंत्रांचा घरघराट. तिरुप्पूरला लोक 'बनियनचं गाव' म्हणतात. आधी इथे खरोखरच साधे पांढरे बनियन व्हायचे. मग १९७०च्या दशकाच्या अखेरीस परदेशी व्यापारी इथे येऊ लागले आणि बनियनचे झाले टी-शर्ट. आज भारतातून परदेशी जाणाऱ्या विणलेल्या सुती कपड्यांपैकी निम्म्याहून अधिक कपडे या एका गावातून जातात. वर्षाला तीस हजार कोटी रुपयांहून जास्त किमतीचे! तीसवर किती शून्यं येतील ते वहीत लिहून पाहा.

स्टेशनजवळच तिरुप्पूर कुमरन यांचं स्मारक आहे. १९३२च्या जानेवारीत इंग्रजांच्या पोलिसांच्या लाठ्या डोक्यावर पडत असताना या तरुणाने हातातला झेंडा खाली पडू दिला नाही आणि त्यातच त्याला मरण आलं. तमिळमध्ये त्यांना 'कोडी कात्त कुमरन', म्हणजे झेंडा राखणारा कुमरन म्हणतात. तिथे दोन मिनिटं उभी राहिले आणि मग दादाबरोबर कारखान्यात गेले.

आधी एक फरक समजून घ्या. सोलापूरची चादर मागावर होते. तिच्यात उभे धागे आणि आडवे धागे असतात, खाटेच्या नवारीसारखे. टी-शर्टचं कापड तसं नसतं. आजी दोन सुयांवर स्वेटर विणते ना, एका फासातून दुसरा फास काढत? तसंच हे. फक्त आजीकडे दोन सुया, तर या गोल यंत्रात सुयांची शेकड्यांनी भरलेली बांगडी. यंत्र गरगर फिरतं आणि खाली कापडाची लांबच लांब नळी उतरत राहते. म्हणूनच टी-शर्ट ताणला तरी पुन्हा जागेवर येतो. हे कापड रंगतं, सुकतं, मग कापलं जातं. आणि गंमत म्हणजे चित्र छापतात ते शिवलेल्या शर्टावर नाही, तर बहुतेक वेळा शिवण्याआधी, कापलेल्या पुढच्या तुकड्यावर. छपाई बिघडली तर एक तुकडा वाया जातो, अख्खा शर्ट नाही. हिशेबी लोक!

पण जुनेपणाची सुरुवात छपाईच्या टेबलावर होत नाही. ती होते वातानुकूलित खोलीत, कॉम्प्युटरसमोर. तिथे एक चोवीस-पंचवीस वर्षांचा डिझायनर बसला होता. पडद्यावर जुन्या मोटार गॅरेजच्या पाटीचं चित्र होतं. वर मोठं चाक, खाली इंग्रजी अक्षरं आणि कोपऱ्यात 'स्थापना १९५८'. मी विचारलं, "हे गॅरेज कुठे आहे?" तो म्हणाला, "कुठेच नाही, मॅडम. मीच परवा काढलं." म्हणजे जे गॅरेज कधी नव्हतंच, त्याची ही आठवण! मला तर ही चक्क थाप वाटली. तो मात्र शांतपणे म्हणाला, "थाप खरी वाटावी म्हणून तर मला पगार देतात."

त्याने टेबलाचा खण उघडला. मला वाटलं, आत रंगीत पेन्सिली वगैरे असतील. पण आत होता सगळा भंगार माल! चुरगळून उलगडलेला कागद, सिमेंटच्या पोत्याचा तुकडा, पॉलिश पेपर, गंजक्या पत्र्याचे फोटो, आणि झेरॉक्सचे कागद. तुम्ही पाहिलं असेल, झेरॉक्स यंत्रातली शाई संपत आली की काळ्या जागी पांढरे ठिपके राहतात, अक्षर खाल्ल्यासारखं दिसतं. दुकानदार तो कागद फेकून देतो. हा मुलगा असेच कागद मागून आणतो! ते स्कॅन करायचे आणि त्यांतल्या ठिपक्यांच्या, चरांच्या आकाराची भोकं आपल्या चित्रात पाडायची. जिथे भोक, तिथे शाई लागणार नाही. तिथे कापडच दिसेल. मग वाटेल, शाई झिजून गेली.

"एवढंच? मग हे सोपं आहे," मी म्हटलं.

त्यावर त्याने मला दोन चित्रं दाखवली आणि विचारलं, यांतलं खोटं कुठलं? पहिल्या चित्रावर सगळीकडे सारखे ठिपके होते, भाजीवर मिरपूड भुरभुरावी तसे. दुसऱ्यात काही जागा अगदी शाबूत होत्या आणि काही पार झिजलेल्या. पहिलं चित्र पाहताक्षणी खोटं वाटलं. का, ते मात्र त्याने सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. खरा शर्ट सगळीकडे सारखा झिजतच नाही! घडी जिथे पडते तिथे आडवी रेघ उमटते. दप्तराचा पट्टा जिथे घासतो तिथला रंग आधी जातो. जेवताना पोट टेबलाला टेकतं, तिथे खालची अक्षरं पुसट होतात. झीज म्हणजे त्या माणसाच्या सवयींचा नकाशाच असतो. म्हणून हा मुलगा डिझाइन करायच्या आधी स्वतःच्या वडिलांचे जुने बनियन निरखून पाहतो.

दुसरी खुबी तर आणखी छान आहे. समजा, चित्रात आधी पांढरा रंग, त्यावर पिवळा आणि त्यावर लाल असे तीन थर आहेत. खरी भेग पडते तेव्हा ती तिन्ही थरांतून आरपार जाते आणि खालचं कापड दिसतं. पण नवशिक्या डिझायनर फक्त वरच्या लाल थराला भोक पाडतो. मग भेगेतून पिवळा रंग डोकावतो आणि सोंग उघडं पडतं. म्हणून तिन्ही थरांना त्याच जागी, तेवढंच भोक पाडावं लागतं. छापताना ते केसभरही सरकून चालत नाही. तेव्हा बघा, नीटनेटकं चित्र छापण्यापेक्षा खराब झालेलं चित्र छापायला जास्त काटेकोरपणा लागतो!

आता छपाई. तुमच्या घरी रांगोळीचे छापे असतील. डबीला भोकांची नक्षी असते, त्यातून रांगोळी खाली पडते आणि फूल उमटतं. स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे थेट तेच. लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणून बसवतात. जाळीवर एक लेप देतात. उजेड पडला की तो लेप कडक होतो. चित्राची काळी फिल्म त्यावर ठेवून दिवा लावला, की काळ्या भागाखाली उजेड पोहोचत नाही, तिथला लेप मऊच राहतो आणि पाण्याने धुतल्यावर निघून जातो. झाला छापा तयार! लांब टेबलावर तुकडे चिकटवलेले असतात. एक अण्णा छापा ठेवतो, रबरी पट्टीने शाई एका दमात ओढतो, छापा उचलतो, पुढच्या तुकड्यावर ठेवतो. प्रत्येक रंगाला वेगळा छापा. एवढ्या झपाट्याने काम चाललेलं असतं, की मी मोजायला गेले आणि गोंधळले.

शाईमध्येही युक्त्या आहेत. नेहमीची प्लास्टिसॉल नावाची शाई कापडावर प्लास्टिकच्या कातडीसारखी बसते. ती सुमारे १६० अंश सेल्सिअसला भाजावी लागते. भाजताना कच्ची राहिली तर काही धुण्यांतच तिला भेगा पडतात. पूर्वी असा माल परत यायचा, कारखानदार डोक्याला हात लावून बसायचा. आता लोकांना त्या भेगाच आवडतात! पण शाई खरंच कच्ची ठेवली तर ती पुढे सोलून पडेल. म्हणून तडकण्यासाठीच बनवलेला वेगळा लेप मिळतो. तो भट्टीत सुकताना आपोआप फाटतो, उन्हाळ्यात तळ्याचा चिखल फाटतो ना, अगदी तसा. आणि जिथे फाटायचं तिथे फाटून घट्ट बसतो. ज्यांना भेगा नकोत, नुसता विटकेपणा हवा, त्यांच्यासाठी बारीक जाळी घेतात. जाड छपाईला इंचाला ११० धाग्यांची जाळी चालते, ती २३० धाग्यांची घेतली की शाई कमी उतरते आणि चित्र कापडात मुरल्यासारखं दिसतं.

सर्वांत जादूचा प्रकार 'डिस्चार्ज' छपाईचा. काळ्या कापडावर छापलं तेव्हा मला तिथे नुसता ओला डाग दिसला. तो तुकडा सरकत्या पट्ट्यावरून भट्टीत गेला आणि दुसऱ्या टोकाला बाहेर आला, तर डागाच्या जागी स्वच्छ बदामी रंगाचं चाक! कारण या शाईत रंग घालण्याऐवजी कापडाचा मूळ रंग काढून टाकणारं रसायन असतं. उष्णता मिळाली की ते काम करतं. हाताला काही लागत नाही, कापड जसंच्या तसं मऊ. फक्त भट्टीजवळ उग्र वास येतो, गंधकासारखा. डोळे चुरचुरतात. तिथल्या कामगाराने नाकाला नुसता हातरुमाल बांधला होता. मास्क का नाही, असं मी विचारलं तर म्हणाला, "गरमी होते, दीदी." तो बिहारमधला होता. इथे बिहार, ओडिशा, झारखंडहून आलेली पुष्कळ मंडळी काम करतात, त्यामुळे आपली हिंदी चालते. गरमी होते हे खरंच आहे, मे महिन्यात भट्टीशेजारी मास्क लावून उभं राहणं सोपं नाही. पण मग पंखे आणि धुराडी वाढवणं मालकांच्या हातात असतं, कामगाराच्या नाही, असं माझं मत झालं. दादाला तसं म्हटलंही.

आता तपासणीची गंमत ऐका. मोठ्या दिव्याखाली बायका ओळीने बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे एक मंजूर झालेला नमुना टांगलेला. एका अक्कांनी (तमिळमध्येही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, आमच्या सोलापूरसारखं!) गॅरेजच्या चित्राचा एक तुकडा उचलला. त्यावर शंभर भेगा, पन्नास ठिपके. पास! दुसरा उचलला. मला तर तो अगदी पहिल्यासारखाच दिसत होता. अक्कांनी त्यावर बाणाचं स्टिकर लावलं आणि बाजूला टाकला. काय चुकलं? तर चाकाच्या आरीजवळ टाचणीच्या टोकाएवढा एक जास्तीचा ठिपका होता. छाप्याचा लेप तिथे निघाला होता. मी म्हटलं, "एवढ्या भेगांत एक ठिपका कोणाला दिसणार?" अक्का हसल्या. आधी नमुन्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "पळसु." मग त्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "मिस्टेक." पळसु म्हणजे जुनं. जुनेपणा वेगळा आणि चूक वेगळी!

छापून, शिवून झालं की शर्ट धुलाईला जातात. इथे त्यांना अक्षरशः म्हातारं करतात. मोठमोठ्या पिंपांत कोमट पाणी आणि सेल्युलेज नावाचं एन्झाइम. तुमच्या पोटात अन्न पचवायला जशी एन्झाइमं असतात ना, त्यांचंच हे भावंड. ते कापसाच्या वरवरच्या लवेला खाऊन टाकतं आणि कापड वीस वेळा धुतल्यासारखं मऊ होतं. कधी पाण्यात प्युमिस दगड टाकतात. हा ज्वालामुखीचा दगड, इतका सच्छिद्र की पाण्यावर तरंगतो. टाचा घासायला असतो तसला. 'अ‍ॅसिड वॉश' नावाचा एक प्रकार आहे, त्यात अ‍ॅसिडचा थेंब नसतो! प्युमिस दगड पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात भिजवून शर्टांबरोबर कोरडेच गरगरा फिरवतात. दगड लागेल तिथला रंग जातो, बाकीचा राहतो. गावाकडे विहिरीत जी जांभळी पूड टाकतात तीच ही. सगळ्यात शेवटी एक मुलगा छोट्या फिरत्या चाकावर शर्टाच्या गळ्याची कड हलकेच टेकवत होता, दोरे निघावेत म्हणून. नव्या शर्टाची कड उसवणं हे त्याचं दिवसभराचं काम.

हे सगळं पाहताना मला राहून राहून माझा वर्ग आठवत होता. चौथीच्या वर्गात एका शनिवारी गणवेश नसतो. त्या दिवशी एक मुलगा थोरल्या भावाचा शर्ट घालून आला. निळा होता कधीकाळी, आता आभाळी झालेला, छातीवरच्या बोटीचं अर्धं शीड गायब. मुलं हसली. तो दिवसभर छातीशी दप्तर धरून बसला. आणि त्याच वर्गात दुसऱ्या बाकावर एक शर्ट होता, तोही विटका, तोही तडकलेला, पण मॉलमधून आणलेला. त्याला मुलं हात लावून बघत होती! तेव्हा मी मुलांना नुसतं रागावले होते. तिरुप्पूरहून आल्यावर मात्र दोन्ही शर्टांसारखे नमुने टेबलावर ठेवले आणि तो डिझायनर विचारतो तसंच विचारलं, "यांतला खरा जुना कुठला?" पोरं भिंग घेऊन तुटून पडली. भेगेतून कापड दिसतं की पिवळा रंग? घडीची रेघ आहे का? बगलेखाली रंग वेगळा आहे का? बोटीच्या शर्टाचा मालक सर्वांत पुढे होता. त्याने सांगितलं, शीड कसं गेलं ते. भाऊ दोन वर्षं पाण्याची कळशी त्या बाजूला धरून जिना चढायचा.

तिरुप्पूरमधली एक गोष्ट मात्र भिंगाने दिसत नाही. ती बघायला मला दादाने पुलावर नेलं.

गावातून नोय्यल नदी वाहते. पश्चिम घाटातल्या वेळ्ळिंगिरी डोंगरात ती उगम पावते आणि सुमारे १८० किलोमीटर वाहून कावेरीला मिळते. कापूस रंगवायला पाणी लागतं हे तुम्हाला ठाऊक आहे. किती लागतं? जुन्या यंत्रांना एक किलो कापडामागे शंभर लिटरहून अधिक लागायचं. एका किलोत पाच-सहा शर्ट होतात. शिवाय रंग धाग्यावर बसावा म्हणून त्या पाण्यात मीठ घालतात, गडद रंगाला लिटरमागे पन्नास ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त. रंग धाग्यात जातो, मीठ पाण्यातच राहतं. ते खारट, रंगीत पाणी कित्येक वर्षं सरळ नदीत सोडलं जात होतं.

नदीच्या खालच्या अंगाला ओरत्तुपाळयम नावाचं धरण आहे. १९९२ साली ते शेतीसाठी बांधलं. पण त्यात साठलं काय, तर रंगकामाचं पाणी! शेतात ते घातलं तर जमीन खारटते, नारळ सुकतात, विहिरी बिघडतात. धरण बांधलं म्हणजे शेतकरी पाणी सोडा म्हणून मागणी करतात, हे आपण उजनीच्या पाण्यावरून नेहमी वाचतो. इथे शेतकरी म्हणू लागले, "हे पाणी आम्हाला नको!" ते कोर्टात गेले. वर्षानुवर्षं खटले चालले. शेवटी २८ जानेवारी २०११ला मद्रास उच्च न्यायालयाने तिरुप्पूरचे सातशेहून अधिक रंगाचे कारखाने बंद करायला लावले. दूषित पाण्याचा एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, हे जमत असेल तरच पुन्हा उघडा, असं सांगितलं.

दादा तेव्हा नुकताच तिथे नोकरीला लागला होता. तो सांगत होता, गावावर अवकळा आली. कापड रंगवायला दुसऱ्या गावांना पाठवावं लागे. कामगार पेट्या घेऊन स्टेशनवर. कोणाची बाजू घ्यावी कळेना. एकीकडे ज्याची विहीर खारट झाली तो शेतकरी, दुसरीकडे ज्याची चूल बंद पडली तो कामगार. त्याच्या शेजारी राहणारं एक कुटुंब तर असं होतं, की वडील खालच्या गावात शेतकरी आणि मुलगा रंगाच्या कारखान्यात!

हळूहळू कारखाने पुन्हा सुरू झाले, पण वेगळ्या रीतीने. आता वापरलेलं पाणी सामुदायिक शुद्धीकरण केंद्रात जातं. आधी त्यातला गाळ आणि रंग काढतात. मग अतिशय सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ते दाबाने पलीकडे ढकलतात. तुमच्या घरच्या पाण्याच्या आरओ यंत्रात होतं तेच, फक्त यंत्र इमारतीएवढं. उरलेलं खारट पाणी आटवून मीठ परत मिळवतात, आणि तेच मीठ, तेच पाणी पुन्हा रंगकामाला. नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असं फिरून परत येतं. यातही खर्च आहे, वीज आहे, आणि शेवटी जो घट्ट गाळ उरतो त्याचं काय करायचं हे कोडं अजून आहेच. आम्ही पुलावर उभे होतो त्या दिवशी नदीत पाणी थोडंच होतं, कडेला कचरा होता, पण पाण्याला रंग नव्हता. दादा म्हणाला, पूर्वी पाण्याचा रंग बघून ओळखता यायचं, यंदा परदेशात कुठल्या रंगाची फॅशन आहे ते!

नव्या कपड्याला जुना करण्याच्या नादात माणसांचंही नुकसान झालेलं आहे. जीन्स विटकी करण्यासाठी तुर्कस्तानात कापडावर जोराने वाळूचा फवारा मारायचे. ती बारीक वाळू कामगारांच्या छातीत जायची. डॉक्टरांना तरुण तरुण कामगारांच्या फुप्फुसांत सिलिकोसिस सापडला, जो एरवी खाणीत काम करणाऱ्यांना होतो. हा रोग बरा होत नाही. २००९ साली तिथल्या सरकारने कपड्यांसाठी वाळूचा फवारा वापरायला बंदी घातली. आता पुष्कळ ठिकाणी लेझर किरणांनी विटकेपणा आणतात. आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी सांगते आहे. दुकानात विटका शर्ट जास्त किमतीला का, असं मुलाने विचारलं तर त्याचं उत्तर असं लांबलचक आहे.

तुम्हाला घरी हा खेळ करून पाहायचा आहे? मग ब्लीचला हात लावू नका, तो डोळ्यांत गेला तर वाईट. मेणबत्तीचा तुकडा घ्या. जुन्या सुती शर्टाच्या आत पुठ्ठा घाला, म्हणजे रंग मागे जाणार नाही. जिथे चित्र काढायचं, तिथे मेणबत्ती वेडीवाकडी घासा, घडीच्या जागी जास्त, बाकी कमी. आता जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून आकार कापून छापा करा आणि स्पंजने कापडाचा रंग टिपून टिपून लावा. रंग पातळ करू नका आणि स्पंज जवळजवळ कोरडा असू द्या. मेणाच्या जागी रंग धरत नाही, तिथे आपोआप भेगा दिसतात! पूर्ण वाळल्यावर खाली-वर रद्दीचे कागद ठेवून मोठ्या माणसाकडून इस्त्री करून घ्या. मेण कागदात उतरेल आणि रंग पक्का होईल. आमच्या वर्गात सतरा शर्ट झाले. पाच मुलांनी बोट काढली.

तिरुप्पूरला कधी गेलात तर काधरपेटच्या बाजारात जा. परदेशी न गेलेला माल तिथे स्वस्तात मिळतो. अक्कांनी बाणाचं स्टिकर लावलेल्या तुकड्यांचे शर्टही तिथे येतात म्हणे. मी सगळे ढीग उपसले, गॅरेजचं चाक काही सापडलं नाही. शेवटी वर्गासाठी एक साधं लाल कापड घेतलं. ते आता आमच्या खिडकीत उन्हाला टांगलं आहे. अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकलेला आणि अर्धा उघडा. कापड विटायला किती दिवस लागतात यावर वर्गात पैजा लागल्या आहेत. कोणी पंधरा दिवस म्हणतं, कोणी वर्ष. पुठ्ठा काढायचा तो दिवाळीच्या सुट्टीनंतर, असं ठरलं आहे. पण रोज मधल्या सुट्टीत कोणीतरी हळूच कोपरा उचलून पाहतंच!